पिठाच्या डब्यातलं वाचनालय

आमच्या गावचं वाचनालय आणि मालनबाईची पिठाची गिरणी यांच्यात एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीला हात जाईल एवढी खिडकी. पलीकडे गहिनीनाथ भाऊजी ग्रंथपाल, अलीकडे त्यांची बायको. ग्रंथपालाच्या मानधनावर घर चालत नाही, ते गिरणीवर चालतं. पण बायकांचं वाचन त्या खिडकीवर चालायचं. दिवाबत्ती झाली की मी वहीत चार ओळी लिहिते. आज तेच लिहिते आहे.

बाई वाचनालयाची पायरी चढली की लोक विचारणार, हिला घरात काम नाही का. दळणाला गेली तर कोण विचारतंय? डबा ठेवायचा, मालनबाईच्या कानात सांगायचं, ती खिडकीतून ओरडायची, "अवो, मागच्याच्या पुढचं द्या!" दळण झालं की पिठावर कॅरीबॅगेत गुंडाळलेलं पुस्तक, वर झाकण. पुढच्या दळणाला ते ज्वारीवर बसून परत यायचं.

डब्यावर नवऱ्याचं, नाहीतर सासऱ्याचं नाव कोरलेलं असतं. वाचनालयाच्या नोंदवहीतही सभासद म्हणून त्याचंच नाव. खरी नोंद भाऊजींच्या दुसऱ्या, निळ्या वहीत होती. कोणती बाई, कोणतं पुस्तक, कितव्या पानापर्यंत आली. त्रेचाळीस बायका होत्या त्यात. बन्सीतात्यांची सून धनश्री बी.ए. झालेली. ती तलाठी भरतीचं जाड पुस्तक नेत होती. माहेरी असताना अर्ज भरून आली होती, आणि त्याचा सासरी कुणाला पत्ता नव्हता.

"वहिनी, ही पोरगी निघनार," भाऊजी मला म्हणायचे. "गनितं आणून दाखवती मला. मलाच येत न्हाईत!"

गेल्या वर्षी वाचनालयात संगणक आला. बन्सीतात्या अध्यक्ष. त्यांनी नारळ फोडला आणि म्हणाले, "गहिनीनाथ, आता समदं ऑनलाइन करायचं. आन् महिला वाचक दाखवायच्यात. वरून इचारत्यात."

महिला वाचक म्हटल्यावर भाऊजींचा चेहरा उजळला. सोनईला जाऊन ते आठ दिवस टायपिंग शिकून आले. मग दोन बोटांनी एकेक पुस्तक चढवू लागले. वाचकांच्या नावाशी आले तसे अडले. मी दळण घेऊन गेले होते, तर खिडकीतून विचारलं, "वहिनी, हे यंत्र म्हनतंय, वाचनाऱ्याचं नाव लिहा. कुनाचं लिहू?"

"वाचतं त्याचं लिहा," मी म्हणाले. "आजवर खोटं लिहिलं ते पुरे झालं, भाऊजी. देव बघतोय."

मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. खरं बोलल्यावर वाटतं तसं.

त्रेचाळीस नावं त्यांनी निळ्या वहीतून संगणकात उतरवली. मोबाईलची जागा रिकामी सोडली तर यंत्र पुढे जाईना. मग सभासद अर्जावर जो नंबर होता तो टाकला. अर्ज पुरुषांचे, नंबरही पुरुषांचे. मुदत संपली की यंत्र आपोआप मेसेज पाठवतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मेसेज गेले ते सकाळी सातला, सगळे एकदम. त्या वेळी गावातले पुरुष दूध डेअरीवर कॅन घेऊन रांगेत असतात. आमचे हे तिथंच होते. सगळ्यांचे फोन एकापाठोपाठ वाजले म्हणे. अमुक बाईंनी घेतलेलं तमुक पुस्तक त्वरित जमा करावं.

"आरं, तुझ्या बायकोनं तर तीन दाबून ठेवलीत!"

"तुझी बघ आधी. कादंबरी हाय, कादंबरी! म्हनून तुझी भाकर करपती."

मग कुणीतरी तात्यांच्या फोनमध्ये डोकावलं. "तात्या, सूनबाई तलाठी व्हनार व्हय? मग आता सातबारा घरातच मिळंल. पर शेण कोन काढनार?"

रांग हसली. तात्या हसले नाहीत. कॅन तिथंच ठेवून घरी गेले.

दुपारपासून डबे यायला लागले. पुस्तकं परत. आणणाऱ्या सासवा होत्या, नाहीतर नवरे. कुणी कॅरीबॅगेत गुंडाळायचीही तसदी घेतली नव्हती. पिठात बुडवून आणली होती. भाऊजी ओट्यावर बसून एकेक पुस्तक फडक्यानं पुसत होते. मालनबाई गिरणी बंद करून नुसती उभी होती.

संध्याकाळी भाऊजी तात्यांच्या घरी गेले. म्हणाले, "चूक माझी हाय, तात्या. तिची परीक्षा एकोणीस दिवसांवर आलीय. तेवढं पुस्तक राहू द्या तिच्यापाशी."

तात्यांनी पुस्तक आणून हातात दिलं. "तुझी काय चूक? तू खरं तेच लिवलंस. पार डेअरीवर कळलं, आमच्या घरात काय चालतंय ते."

धनश्री चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं नाही.

मालनबाईनं एकदा प्रयत्न केला. पुढच्या दळणाच्या वेळी पुस्तक हातात घेऊन तयार होती. पण डबा धनश्रीच्या सासूनं आणला, आणि दळण होईपर्यंत ती गिरणीच्या पट्ट्याजवळून हलली नाही. तेव्हापासून तीच येते.

वाचनालय मात्र ऑनलाइन झालं. भिंतीवर चौकोनी कोड चिकटवलाय. तो मोबाईलनं टिपला की सगळी यादी दिसते. तात्यांचा संगणकाबरोबर फोटो आहे. आमच्या बायकांची नावं काढा, असं घरोघरून सांगणं आलं, पण यंत्र नाव काढू देत नाही. समोर 'निष्क्रिय' म्हणून बटण आहे. भाऊजी रोज दोन-तीन नावांवर ते दाबायचे. एका दिवसात सगळी झाली असती, पण त्यांच्यानं होत नव्हतं.

काल परीक्षा होती. मी दळण घेऊन गेले तेव्हा धनश्रीचं पुस्तक त्यांच्या टेबलावर होतं. एकशे बारा पानाशी उघडं. घडीत पीठ तसंच होतं. एवढं एकच त्यांनी पुसलं नव्हतं.

"ती गेली का परीक्षेला?" मी विचारलं, माहीत असून.

"सकाळी गोठ्यात हुती," मालनबाई म्हणाली.

भाऊजी पडद्याकडे वळले. मग म्हणाले, "वहिनी, आता एकच नाव ऱ्हायलंय. तुमचं. ठेवू का?"

आमचे हे रागावले नव्हते. मेसेज आले त्या दिवशी हसत घरी आले आणि जेवताना एवढंच म्हणाले, "तुझं नाव तेवढं काढून घे. लोक इचारत्यात."

गिरणी चालू होती, म्हणून मला मोठ्यानं सांगावं लागलं.

"नको, भाऊजी. यांचंच लिहा."

त्यांनी बटण दाबलं. मालनबाईनं माझा डबा भरला, झाकण लावलं. मी घरी येऊन पीठ परातीत ओतलं. त्यात काही नव्हतं.