ओट्यापर्यंतची वाट

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार. वांग्याचं बी राखेत घोळून अंगणात सुपावर वाळत घातलंय. ऊन उतरेपर्यंत कोंबड्या हाकलत बसायचं, एवढंच काम. म्हणून वही घेतली. आता जे लिहिणार आहे ते मी आजवर कोणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. शेगावला दर्शनाला उभी राहिले, तिथंही दुसरंच काहीतरी मागून परत आले. तुमची-माझी ओळख नाही. कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगता येईल.

मी रडकी बाई नाही. काम दिसलं की करून मोकळी होते. महाराष्ट्र झाल्याला दोन-तीन वर्षं झाली होती, पंचायत समित्या नव्या होत्या, तेव्हा आमच्या गावात महिला मंडळ निघालं आणि मला अध्यक्ष केलं. सार्वजनिक विहिरीजवळची पडीक जागा सरपंचाच्या मागे लागून मी मिळवली. दगड वेचले, बाभळी तोडल्या, वाफे पाडले. ज्या बाईला स्वतःचं म्हणून काही नाही तिला एक वाफा. पिकेल ती भाजी तिची. मळा चांगला चालला. मेहकरच्या बाजारात लोक विचारायचे, ही मेथी बाईच्या मळ्यातली का? बाई म्हणजे मी. ते ऐकायला मला आवडायचं — हे आधीच सांगून टाकते.

द्वारकाला मळ्यात मीच आणलं. हे खरं आहे, आणि याच गोष्टीचा मी पुढे फार आधार घेतला. लहानपणी तापात तिचे दोन्ही पाय गेले. लग्न झालं नाही, भावाकडे राहायची. सुतारानं एका फळीला चार लाकडी चाकं लावून दिली होती. तिच्यावर बसून हातांनी जमीन ढकलत गावातून फिरायची. आमची ग्रामसेविका तरुण होती, अकोल्याकडची. ती म्हणाली, वाफे जमिनीत आहेत म्हणून द्वारकाताईंना येता येत नाही ना? मग वाफा वर उचलू. दगड रचून हातभर उंचीचा ओटा बांधला, त्यात शेणखत आणि माती भरली. दोन वाफ्यांमधली वाट फळी जाईल एवढी रुंद केली. आमची माती काळी. कोरडी असली की फरशीसारखी, भिजली की पाय धरून ठेवते. म्हणून वाटेवर मुरूम टाकायचं ठरलं. द्वारकाच्या भावानं बैलगाडीतून आणला, तो अर्ध्या वाटेला पुरला. उरलेल्या अर्ध्या वाटेचा मुरूम आणवायचं काम माझ्याकडं होतं.

ते मी करतच होते. आज करू, उद्या करू.

कारण तोवर ओटा पिकला होता. कसा पिकला, काय सांगू? आम्ही वाकून, घाईत, घरची चूल डोक्यात ठेवून खुरपायचो. ती ओट्याशी बसलेली असायची, तोंड झाडाच्या पानाशी. एकेक पान उलटून अळी वेचायची. तिची वांगी तुकतुकीत, काट्यासकट देखणी. हळूहळू बाया माझ्याकडं यायच्या थांबल्या. माझ्या समोरून जाऊन तिला विचारायच्या — "द्वारके, माह्या मिरचीचे पानं काऊन गुंडाळून राह्यले वं?" आणि ती हसून म्हणायची, "तुह्या मिरचीले तुह्यासारखाच राग आला असन. पाह्यतो, आण एक फांदी." सगळ्या हसायच्या. मी बांधावर उभी असायची. ओट्याभोवती किती जणी बसल्यात ते मी मोजायची — कोणी मोजतं का असं? मी मोजायची.

एक दिवस घरी भरीत केलं. नवरा कधी जेवणाबद्दल बोलत नाही. त्या दिवशी म्हणाले, "आजचे वांगे कुठचे?" वांगी द्वारकानं दिलेली होती. मी म्हटलं, मळ्यातले. तेव्हाही तिचं नाव घेतलं नाही.

जळत होते मी. दुसरा शब्द नाही. ती पांगळी आहे, तिच्यासाठी बाईनं केवढं केलं, असं लोक म्हणत होते तोवर ती मला हवी होती. तिची कीव करायला मिळत होती तोवर तिच्यावर माझी माया होती. मग ती माझ्यापेक्षा हुशार निघाली, आणि माया कुठं गेली? पाय नसलेल्या बाईचा हेवा — हे स्वतःशी तरी कबूल कसं करायचं? मी केलं नाही. मी शिस्तीच्या गोष्टी बोलू लागले. ओट्याला खत जास्त जातं. वाट रुंद केल्यानं एक वाफा बुडाला. असं.

मग पंचायत समितीतून साहेब मळा पाहायला येणार असल्याचा निरोप आला. मळा म्हणजे ओटा. शेजारच्या गावांमधली तिघं जणं सेविकाबाईंनी पाहून ठेवली होती — एक कडबाकुट्टीत हात गेलेला गडी, दोघी बाया द्वारकासारख्याच. साहेबांना पटलं तर त्यांच्याही गावी असे ओटे होणार होते, आणि ते शिकवायला द्वारका जाणार होती. गावोगाव. तिचा भाऊ तिला बैलगाडीतून नेणार होता. गावात दुसरं बोलणं नव्हतं.

आदल्या दिवशी पाण्याची पाळी द्वारकाची होती. विहिरीची मोट हौदात पडायची, आणि हौदाच्या खालच्या भोकातून पाणी दांडानं, म्हणजे मातीच्या पाटानं, वाफ्यांना जायचं. ते भोक चिंध्यांच्या बोळ्यानं बंद करायचो. द्वारकानं ओट्याला पाणी दिलं, बोळा बसवला, घरी गेली. वाट कोरडी ठणठणीत होती.

दिवेलागणीला मी मळ्यात गेले. सगळं ठीक आहे का पाहायला — असं मी स्वतःला सांगितलं. हौद भरलेला होता. मी बोळा उपसला. मग दांडाच्या कडेनं चालत गेले आणि जिथं मुरूम संपतो तिथं टाचेनं मातीचा काठ दाबला. दोनदा दाबला. पहिल्यांदा फुटला नाही म्हणून दुसऱ्यांदा. पाणी वाटेवर उतरलं. हौद रिता होईपर्यंत मी थांबले नाही, पण पाणी कुठं जातंय ते नीट पाहून मगच घरी आले. भाकरी टाकल्या. मुलांना वाढलं.

सकाळी द्वारका धुवट लुगडं नेसून आली. मुरूम होता तिथवर फळी आली आणि पुढे चाकं चिखलात बसली. भाऊ म्हणाला, "उचलून नेतो, काय होते?"

"उचलून नेलं त मंग दाखवाचं काय?" ती म्हणाली. "मले कोणी न उचलता आत जाता येते, हेच त दाखवाचं हाय."

जीप आली तेव्हा ती तिथंच होती, अर्ध्या वाटेवर, हात कोपरापर्यंत काळे. साहेब भले माणूस वाटले. बूट काढून चिखलातून ओट्यापर्यंत गेले, वांगी पाहिली. मग मागे वळून द्वारकाकडं पाहिलं, आणि मला विचारलं, "असं रोजच होतं का, बाई?"

हा प्रश्न मला विचारला होता. दुसऱ्या कोणाला नाही. एक वाक्य पुरलं असतं — नाही साहेब, मुरूम टाकायचा राहिलाय, तो माझ्याकडं आहे.

मी म्हणाले, "पाणी दिलं की होतंच, साहेब. शेती म्हटलं की पाणी आलंच."

त्यांनी मान हलवली. सेविकाबाई काही बोलायला गेल्या, पण साहेब पुढच्या वाफ्याकडं वळले होते. माझ्या कोबीचं त्यांनी कौतुक केलं. गड्डा हातात धरून म्हणाले, उत्तम. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, त्या क्षणी. चहाला सगळे आमच्या घरी आले.

ओटे झाले नाहीत. त्या तिघांपैकी कोणालाही मी कधी पाहिलं नाही. हात गेलेला गडी मेहकरच्या बसथांब्यावर बसतो असं नंतर कानावर आलं. सेविकाबाईंची बदली झाली. हौदाला द्वारकानं हात लावायचा नाही, असं मंडळात ठरलं — ठराव मी मांडला. मग तिच्या ओट्याला पाणी कोणीतरी आठवलं तर द्यायचं. दोन पावसाळ्यांनी तिनं येणं सोडलं. राहिलेला मुरूम आला नाही. आता ती भावाच्या दारात बसून लोकांची डाळ निवडून देते. मी समोरून गेले की "बाई, बसा नं" म्हणते. कधी बसते मी. कधी घाई असते.

पण एक गोष्ट राहिली. सगळ्यात नंतर लिहायची म्हणून मागे ठेवली होती.

साहेब येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळ्यात गेले, तर द्वारका माझ्या आधी आलेली. फळी मुरूम संपतो तिथं पडली होती. हातांवर सरकत, त्या चिखलातून, ती हौदापर्यंत गेली होती आणि एका हातात बोळा धरून दुसऱ्या हाताची बोटं भोकात घालून चाचपत होती. मला पाहून म्हणाली, "बाई, बोळा म्याच ढिला बसवला असन. रातभर इचार करून राह्यली. चूक माहीच हाय. तुमाले साहेबासमोर खाली पाहा लागलं."

आजूबाजूला कोणी नव्हतं. सांगायला याहून सोपी वेळ कुठली असती?

मी खाली बसले. बोळा तिच्या हातातून घेतला, पिळला, चिंध्या नीट गुंडाळल्या. "हे पाह्य," मी म्हटलं, "असा पिळून घ्याचा, आन् मंग अंगठ्यानं चहूबाजूनं दाबाचा. नुसता खुपसून देत नाहीत." तिनं वाकून पाहिलं. मग माझ्या हातून घेतला आणि मी दाखवला तसा, दोनदा, बसवून दाखवला. मी म्हटलं, हां, आता बरोबर.