गिरधर नानाचं तोरण

आमचं गाव सोनगीरच्या जवळच. तिथली पाटीलकी कागदावरून कधीच गेली, पण माझ्या थोरल्या भावाच्या, गिरधर नानाच्या डोक्यातून काही गेली नाही. गावाच्याही नाही. बांधाचं भांडण असो की सोयरिकीचा गुंता, माणसं कोर्टाच्या आधी नानाच्या ओट्यावर. बहीण म्हणून कौतुक करत नाही हं, माझंही त्याच्याशी कितीदा वाजलंय. पण त्याने दिलेला निवाडा गाव पाळायचं.

पोळ्याला वेशीवरचं तोरण नानाची जोडी तोडणार, मग बाकीच्यांचे बैल. नानाचा जीव त्या मानात. आणि चुलतभाऊ मोतीलालचा डोळाही त्याच्यावरच.

यंदा उन्हाळ्यात नानाचा एक बैल गेला. सुपडूकडेही एकच उरलेला. मग दोघांनी सावड केली, म्हणजे एकेक बैल घालून जोडी जुंपायची आणि दोघांचीही शेतं करायची. सुपडू नानाचा उजवा हात. भावकीने गिळलेलं त्याचं शेत नानानेच सोडवून दिलेलं. पोळ्याला त्याचा बैल आमच्या बैलाशेजारी चालणार, हे ठरलेलंच होतं.

मी माहेरी आलेले. नाना नवा फेटा बांधून वेशीत उभा, हातात एकाच बैलाचा कासरा. बघतो तर काय, वाजंत्री पलीकडून! मोतीलालच्या बैलाशेजारी सुपडूचा बैल. गेली की हो जोडी तोरणाखालून! पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती आणि लहानथोर, बठ्ठं गाव गप्प. मेल्यांच्या तोंडातून ब्र निघाला नाही!

संध्याकाळी बैल दारोदार ओवाळायला नेतात. सुपडू आमच्या दारी आला, मान खाली घालून. मी पायातली काढणारच होते.

"लाज नाही वाटत रे? खाल्ल्या घरचे वासे मोजतोस!"

नानाने मला हाताने थांबवलं. "सुपडू, हाई काय करं रे तू?"

"माले वहिनीनीच सांगं, नाना."

वहिनी, शेवंताबाई, ओवाळणीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"हो, मीच सांगितलं," ती म्हणाली. "आपल्या मयुरीच्या हळदीला तुम्ही याच्या बांधावर होतात. ती बाळंतपणात अडली, तेव्हा दुसऱ्याची वाटणी करत होतात. जाऊ दे तो मान, म्हणजे ओटाही सुटेल. मला माझा माणूस घरात पाहिजे."

"मला विचारायचं होतंस."

"कुठे? ओट्यावर नंबर लावून?"

नानाने आपल्या बैलाचा कासरा सोडून सुपडूच्या हातात दिला. "घे. जोडी तुझीच." सुपडू रडायला लागला, पण नानाने मागे वळून पाहिलं नाही. फेटा काढून तो आत जाऊन बसला.

तेव्हापासून नाना घरातच असतो. कुणी ओट्यावर आलं तर परत पाठवतो. वहिनी वाढते, तो जेवतो. तिच्याशी मात्र एक शब्द बोलत नाही.