हत्तीचा दात आनि माजी दाढ

शाळेत मी तिसरीपतूर गेलो. चौथीच्या मास्तरनं घेतलं न्हाई, मलाबी त्यात काय गैर वाटलं न्हाई. आमच्या विट्याकडली मानसं सोनं गाळायला देशभर जात्यात, तसा मीबी लांब दक्षिणेत एका गलाईच्या दुकानात लागलो. जुना दागिना भट्टीत घालायचा आनि चोख सोनं काढून द्यायचं. लय बोलायचं न्हाई, एवढीच अट व्हती. तीबी मला जड गेली.

एकदा एका गिऱ्हाइकानं सोन्यात मढवलेला पांढरा ताईत आनला. मी सोनं उचकटून घेतलं. आतला तुकडा त्याला नको व्हता. "हत्तीचा हाय, ठेव तुला," असं त्यो मोडक्या हिंदीत म्हनला. मी त्यो काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला.

जत्रंला गावी आलो. च्याच्या टपरीवर शर्टाची दोन बटनं उघडी टाकून बसलो. कुनी इचारंना, म्हनून मीच सांगितलं, "खरा हस्तिदंत हाय ह्यो."

शेजारचा रिटायर फौजी च्या पीत व्हता. "जेलात जाशील गड्या. नुसता जवळ ठेवला तरी गुन्हा हाय."

"मंग खोटा हाय."

"आत्ता खरा म्हनलास की रं. आख्ख्या टपरीनं ऐकलंय."

घरी बायकोनं निकाल दिला. "आवं, खरं-खोटं बघायचाच पगार घेता न्हवं? मंग बघा की जाळून."

अंगनात सोनं तापवायची बत्ती पेटवली. गल्ली गोळा झाली, फौजी सगळ्यात म्होरं. वितळला तर पलास्टिक, म्हंजे मी येडा. न्हाई वितळला तर मी चोर. जन्मात पयल्यांदा माल खोटा निघावा म्हनून हात जोडले. "देवा, मला येडा ठरव."

"त्याला देव कशाला लागतोय," बायको म्हनली.

वितळला न्हाई. कड काळी पडली आनि वास सुटला. वास वळखीचा व्हता. दाताच्या डॉक्टरनं माजी दाढ कोरली तवा ह्योच वास आलेला. इंजेक्शन देऊनबी मी असा वरडलो की भायेरचे दोन पेशंट उठून घरी गेले.

"हत्तीला इंजेक्शन देत्यात का वो?" मी फौजीला इचारलं.

"गोळी देत्यात. बंदुकीची. सुळ्याचं मूळ पार तोंडात असतं, म्हनून मंग तोंडच तोडत्यात."

गल्लीत कुनी हासलं न्हाई. माजी जीभ त्या दाढंवर फिरत व्हती.

दुसऱ्या दिवशी मी आपनहून वनखात्याच्या हापिसात गेलो. बायकोनं जेलासाठी भाकरी-चटनी बांधून दिली. "डबा तेवढा परत आना," म्हनली.

सायेब म्हनला, "कोणी दिला हा? तो माणूस सापडला तर तुमच्यावरचं हलकं होईल."

मी घडाघडा सांगितलं. सोनं किती ग्रॅम व्हतं, कस कसा व्हता, जोडाला डाग कुठं मारला व्हता.

"आणि त्याचा चेहरा?"

चेहरा आठवंना. आमी गिऱ्हाइकाच्या हाताकडं बघतो, वर बघत न्हाई.

"मग आता तुम्हीच," म्हनून सायेब लिहाया लागला.

जामीन झाला. केस चालू हाय. तारखंला कोर्टातल्या बाकावर बसून मी त्या मानसाचं तोंड आठवत ऱ्हातो. दर खेपंला हत्तीचंच येतंय, तेबी अर्धं.

दुपारी डबा खातो. परत आनतो.