मंगळा रजेवर होती त्या सकाळी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. इलेक्ट्रिकल इंजिनीअर माणूस मी... जे मोजता येत नाही ते नसतंच, असं बिनधास्त म्हणायचो. जन्म तंजावरचा, घरी तिथली जुनी मराठी, देवनागरी मोठेपणी शिकलो, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी एका पाच मजली कापड दुकानात मेंटेनन्स बघतो. दर मजल्याला एक अवजड एसी मशीन. मालकांची आई, आम्ही सगळे त्यांना पाट्टी, म्हणजे आजी, म्हणतो, रोज सकाळी चांगली वेळ बघून कापूर लावायच्या आणि त्याच क्षणी पाचही मशीन एकदम सुरू करायला लावायच्या. शुभ वेळ टळायला नको ना! पण एवढ्या मोठ्या इमारतीचं बिल नुसत्या युनिटांवर येत नाही. महिन्यात एकदा जरी सगळा भार एकदम चढला, तरी मीटर तो आकडा धरून ठेवतो आणि महिनाभराच्या बिलात तो बसतोच. यावर मी चाळीस पानांचा रिपोर्ट दिला. पाट्टींनी त्यावर चष्म्याची डबी ठेवली.

मग माझी चुलत बहीण मंगळा तिथे सुपरवायझर म्हणून लागली. नुसता डिप्लोमा. तिने पाट्टींना तमिळमध्ये एवढंच विचारलं – "देवळात आरतीचे सगळे दिवे एकदम ओवाळतात का? एकामागून एकच ना?" पाट्टी हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मंगळा स्वतःच्या हाताने दहा-दहा मिनिटांनी एकेक मशीन सुरू करू लागली. बिल खाली आलं. मालकांनी सांगून टाकलं, या महिन्यातही भार मर्यादेत राहिला तर कुंभकोणमच्या नव्या दुकानाची इन्चार्ज मंगळा.

ती जागा मला हवी होती. घरी आई ताटात भात वाढता वाढता म्हणायची, "मंगळेला बघ रे. थोडंच शिकली, पण डोकं हाय." माझा नुसता जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू?

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिरुवैयारूला तिच्या सासऱ्यांचं श्राद्ध होतं. आदल्या दिवशी तिने पॅनेलची किल्ली माझ्या हातात दिली.

"अण्णा, असकी, पाचही, एकदम लावू नको हां. तू हायस म्हणून जातें. दुसऱ्या कुणावर सोडून जायला मज धीर नाही."

सकाळी पाट्टींनी कापूर लावला. मी पाचही बटणं एकदम दाबली... हो, मुद्दाम! पाचही हिरवे दिवे लागले. पण सुरू झालं फक्त तिसऱ्या मजल्याचं मशीन.

मंगळा नेहमी तिसऱ्यापासूनच सुरुवात करायची. लग्नाच्या साड्या तिथे, गिऱ्हाईक आधी तिथेच चढतं. मी घड्याळ बघत उभा राहिलो. बरोबर दहा मिनिटांनी पहिला मजला. मग दुसरा. मग चौथा, पाचवा. तिचाच क्रम, तिचीच दहा मिनिटं. मीटर पाहिला – भार मर्यादेच्या आतच होता.

व्होल्टेज कमी असेल, म्हणाल. नव्हतं, रीडिंग मी स्वतः घेतलं. टायमर असेल, म्हणाल. पुढच्या आठवड्यात सगळं पॅनेल उघडून पाहिलं, टायमर नावाची वस्तू आत नव्हती. दोन बटणं एकदम दाबून पाहिली... दोन्ही मशीन एकदम सुरू झाली!

त्याच दिवशी दुपारी मंगळाचा फोन आला होता. "पिंडाला बसलों होतों आम्ही, पण माझं मन असकं तिकडेच. तिसरा आधी लावलास ना रे अण्णा?"

"लावला," मी म्हणालो.

मंगळा आता कुंभकोणमला असते. भेटेल त्याला सांगते की त्या दिवशी अण्णाने राखलं म्हणून ही नोकरी. पाट्टींनी तर मला शाल पांघरली. मी ती घेतली, आणि खरं काय ते आज पहिल्यांदा इथे लिहितो आहे.

ती मशीन का थांबली, मला अजून कळलेलं नाही. कुणासाठी थांबली ते मात्र पक्कं ठाऊक आहे. आणि सकाळी पॅनेलपुढे उभा राहिलो की भीती वाटत नाही हो... अजूनही मत्सरच वाटतो.