पुराव्यापुरतं घोरणं

सेक्टर दहाच्या आमच्या क्वार्टरमध्ये माझी मुलगी रॅप शिकली, तेही कुजबुजत. दुसरा इलाज नव्हता. मी स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवतो. नाइट शिफ्ट असली की सकाळी घरी येतो आणि दिवसा झोपतो. आमच्या लाइनीत कोणा ना कोणाचे वडील दिवसा झोपलेलेच असतात, त्यामुळे इथलं मूल बोलायला लागतं तेच हळू आवाजात. माझी बायको कुकरची शिट्टीसुद्धा पुरती वाजू देत नाही.

झोपतो म्हणालो खरा, पण ते नाटक. थोड्या वेळातच मला जाग येते. मग पांघरूण डोक्यावर घ्यायचं, मधूनमधून पुराव्यापुरतं घोरायचं आणि पलीकडच्या खोलीतलं रॅप ऐकत पडायचं. त्या रॅपमध्ये ती उपाशी होती, फुटपाथवर राहत होती आणि तिला बाप नव्हता. ते ऐकून मी घोरणं जरा वाढवलं.

पावर हाउसच्या बाजारात एक स्पर्धा झाली. तिनं माइक धरला आणि घरी म्हणायची तसंच म्हणाली. लोक आधी ‘आवाज, आवाज’ म्हणाले, मग शिट्ट्या सुरू झाल्या. ती अर्ध्यातच खाली उतरली. घरी येऊन आईला म्हणाली, आपल्या टाउनशिपच्या हॉलमध्ये आणखी एक स्पर्धा आहे. तिथंही कोणी ऐकलं नाही तर हे बंद, गुपचूप बी.कॉम. करीन. आई म्हणाली, आतापर्यंत गुपचूपच तर चाललं आहे.

मग मी मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी तिला स्कूटरवर बसवून वस्तीबाहेर उतई गावाच्या रस्त्याला नेलं, शेताच्या बांधावर उभं केलं आणि म्हटलं, इथं कोणी झोपलेलं नाही, ओरड. तिनं तोंड उघडलं. बाहेर आली ती कुजबुजच. शेजारी चरणाऱ्या म्हशीनं कानसुद्धा हलवला नाही. शेवटी मीच दोन्ही हात उंचावून तिचं अख्खं गाणं म्हणून दाखवलं, फुटपाथासकट.

ती बघतच राहिली.

"बाबा, तुमी जागे राहता?"

"रोज."

"मंग घोरता कावून?"

"तुले थांबा लागू नये म्हनून."

पुढच्या नाइट शिफ्टपासून ती मागच्या अंगणात जाऊन सराव करायला लागली. मी काही दिवस उगाचच घोरलो.

टाउनशिपच्या हॉलमध्ये सगळी प्लांटवाल्यांचीच पोरं, गोंगाट नुसता. तिनं माइक ओठांना लावला आणि हळूच म्हणाली, "धीरे बोलो, पापा सो रहे हैं."

हॉल गप्प झाला. लहानपणापासूनची सवय. मागच्या रांगेत मीसुद्धा श्वास रोखला. मग त्या कुजबुजीत दारातले बूट आले, दिवसा ओढलेले पडदे आले, शिट्टीआधी उतरवलेला कुकर आला. पावर हाउसच्या शिट्ट्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हळू आवाजात सुरू केलेलं तेच गाणं आलं. फुटपाथ कुठंच नव्हता. बाप मात्र होता. शेवटच्या ओळीपर्यंत कोणी हललं नाही.

पहिलं बक्षीस एका आरडाओरडा करणाऱ्या पोराला मिळालं. तोही चांगला होता.

पुढच्या आठवड्यात माझी नाइट शिफ्ट होती. सकाळी येऊन पडलो, पांघरूण घेतलं आणि सवयीनं घोरायला सुरुवात केली. पलीकडच्या खोलीतून आवाज आला, चांगला खणखणीत.

"बाबा, जरा हळू. मी लिहून राहिली."