वहिनीची चाच्यांची शाळा

माझी वहिनी शिवणकाम करते आणि दादा लोकांच्या घरांना खिडक्या बसवतो. त्यामुळे घरात मोजायच्या टेपा दोन. दादाची पोलादी, डबीत सुर्रकन परत जाणारी. वहिनीची पिवळी, कापडी, सकाळी वेणी घातली की गळ्यात पडायची ती दिवे मालवेपर्यंत तिथेच. लग्नानंतर पहिल्याच वर्षी दादानं तिची टेप उचलून ओल्या भिंतीवर लावली होती. त्यावर वहिनी त्याच्याशी दोन दिवस बोलली नव्हती. तेव्हापासून त्याची टेप त्यानं आणि तिची तिनं, असा घरात कायदाच झाला.

मी वरच्या मजल्यावर राहते. दिवसभर टपालाच्या खिडकीत बसून लोकांची बोलणी खायची आणि संध्याकाळी खाली येऊन वहिनीला चार शब्द सुनवायचे, असा माझा दिनक्रम. सुनवायला कारण होतं. तिनं पोरांना शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलं होतं. स्वतः आठवी पास. मोठी मुलगी दहा वर्षांची, धाकटा सात. धाकट्याची मला चिंता नव्हती, तो दगडाशीसुद्धा गप्पा मारेल. चिंता होती मोठीची. वर्षभरात तिनं घरच्या चार माणसांपलीकडे कुणाशी अवाक्षर काढलं नव्हतं.

त्याचं असं झालं. शाळेत बाईंनी फळ्यावर गुणाकार केला, सतरा सक एकशे बारा. हिनं उभं राहून सांगितलं, बाई, चुकलंय. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पोरगी दिवसभर वर्गाबाहेर उभी. आणि प्रगतिपुस्तकात शेरा आला, 'गणितात कच्ची, उद्धट.' त्यानंतर तिनं शाळेत तोंड मिटलं ते मिटलंच. महिनाभरानं शेरा बदलला, 'मठ्ठ.' त्या दिवशी वहिनीनं तिचं दप्तर उचललं आणि घरी आणलं.

घरी शिकवायला परवानगी लागते. शिक्षण कचेरीतून वर्षाच्या शेवटी तपासणीस येणार, मुलांनी स्वतः गणितं सोडवायची आणि कशी सोडवली ते स्वतःच्या तोंडानं समजावून सांगायचं. सांगता आलं नाही तर पुढच्या सत्रापासून परत त्याच शाळेत. गणितं ती चुटकीसरशी करायची. पण परक्या बाईसमोर तोंड कोण उघडणार? वहिनी दिवसा हसायची, बोलायची, मशीन चालवायची, पण तिचा जीव त्या एका तारखेला टांगलेला होता.

अशात एकदा जेवताना मोठीनं आईच्या कानाशी लागून विचारलं, "चाच्यांना शाळा होती का?"

रद्दीतून आलेल्या एका चित्रांच्या पुस्तकात तिनं समुद्री चाच्यांचं जहाज पाहिलं होतं. वहिनीला उत्तर ठाऊक नव्हतं. आता तुमच्या-माझ्यासारखं माणूस म्हणेल, गप जेव. वहिनी उठली, डाव्या हातानं कपाटातला खाकी कागद काढला, बेतायच्या टेबलावर पसरला आणि मधोमध खडूनं तोच प्रश्न लिहिला. कुठलीही नवी गोष्ट आधी कागदावर कापायची, मग कापडावर, ही तिची पद्धत. घागरा असो नाहीतर भूगोल.

आठवड्याभरात तो कागद भिंतीएवढा झाला. टाचण्यांनी टाचलेल्या चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. चाच्यांना वारा कुठून येतो ते कसं कळायचं? चारही बाजूंना पाणी, मग प्यायला काय? लाकूड तरंगतं ठीक आहे, पण तोफा चढवल्यावरही का तरंगतं? महिनोन् महिने फळं मिळाली नाहीत की हिरड्यांतून रक्त का येतं? एका डोळ्यावर पट्टी कशाला? या शेवटच्याखाली वहिनीनं लिहून ठेवलं होतं, 'कुणालाच नक्की माहीत नाही. आपण अंधाऱ्या खोलीत करून बघू.'

मी म्हटलं, "वहिनी, डोकं फिरलंय तुझं. चोर-दरोडेखोरांवर धडा? मग पुढच्या महिन्यात खिसेकापू घे."

"वन्सं, खिसेकापूंना वाऱ्याची दिशा कळावी लागत नाही," ती म्हणाली, आणि चार टाचण्या ओठांत धरून पुढचं बोलणंच टाळलं.

खोटं कशाला बोलू, मलाही नाद लागला. कामावरून येताना मी वाचनालयात डोकावायला लागले. एका पुस्तकात मिळालं की काही जहाजांवर चाचे आपसात करार करायचे, वाटे कसे पडतील, भांडण झालं तर काय, असं सगळं लिहून खाली प्रत्येकजण सही करायचा. मी हे ऐटीत सांगितलं. वहिनी लगेच पोरांना म्हणाली, आपल्या जहाजाचे नियम तुम्ही लिहा. धाकट्यानं पहिला सांगितला, रोज गोड खायचं. दुसरा त्याचाच, आंघोळ एक दिवसाआड. तिसरा मोठीनं न बोलता लिहिला. 'कप्तान चुकला तर खलाशानं सांगावं. कप्तानानं रागावू नये.'

वहिनीनं तो वाचला आणि खाली कप्तान म्हणून सही केली. मी तिथून उठून वर गेले. का उठले ते पुढे सांगते.

तपासणीच्या दिवसासाठी वहिनीनं नकाशा बेतला. घरामागं लांबट आवार आहे, नळ, कपड्यांची दोरी, कडेला झुडपं आणि बाकी नुसती माती. नळापासून भिंतीकडेनं काही अंतर सरळ जायचं, मग काटकोनात वळून आणखी थोडं, तिथं खजिना. खजिना म्हणजे बटणांचा गोल डबा, तळहाताएवढा. ही अंतरं थेट लिहिलेली नव्हती. पिण्याच्या पाण्याची पिंपं, खलाशी आणि दिवस यांचं उदाहरण सोडवलं की पहिलं अंतर येणार, वाटे पाडले की दुसरं. पोरं मामाकडे आणि दादा आपली टेप घेऊन कामावर गेलेला असताना वहिनीनं नाइलाजानं गळ्यातली टेप काढली, मोजून डबा पुरला, वर माती सारखी केली, झाडूनं खुणा पुसल्या. शिवणातला एक टाका चुकणार नाही अशी बाई ती. तिला स्वतःच्या मापावर स्वतःच्या श्वासाइतका भरवसा.

तपासणीसबाई आल्या त्या वेळेवर. करड्या केसांच्या, पायात मोज्यांवर जाड चपला, हातात छापील तक्ता. मी रजा टाकली होती. दादा दारात उभा राहून उगाच बिजागरीला तेल घालत होता. भिंतीवरचा खाकी कागद बाईंनी चष्मा वर-खाली करत पुरता वाचला आणि विचारलं, "मग तोफा चढवल्यावर का तरंगतं?" धाकट्यानं बादली, वाटी आणि गोट्या आणून असा काही प्रयोग केला की बाईंचे मोजे भिजले. त्याच्या नावापुढं त्यांनी भराभर खुणा केल्या. मग मोठीकडे वळल्या. मोठीनं नकाशा घेतला, उदाहरणं पाटीवर सोडवली. अठराशे सेंटिमीटर आणि सहाशे सेंटिमीटर. बरोबर होतं. बाईंनी मान डोलावली. "आता खजिना काढ आणि कसा काढलास ते सांग."

मातीत लावायचं म्हणून वहिनीनं तिला दादाची टेप दिली होती. कापडी टेप पुन्हा मातीत कोण घालेल?

पोरीनं नळापासून मोजलं, वळली, मोजलं, खुरप्यानं खणलं. काही नाही. परत मोजलं, तोच आकडा, तीच जागा. खड्डा कोपरभर खोल गेला, तरी माती आणि मातीच. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. तिला जागा ठाऊक होती, दोन पावलं पुढं जाऊन पायानं दाखवली असती तर मिनिटात काम झालं असतं. मी तिला कोपरानं ढोसलंसुद्धा. ती हलली नाही. दोन्ही हात पदरात घट्ट धरून उभी.

मोठी उठली. आईकडे आली आणि तिच्या गळ्यातल्या टेपेला हात लावला. वहिनीनं ती काढून दिली. पोरीनं कापडी टेप ओट्यावर पसरली, शेजारी पोलादी ठेवली, दोन्हींची टोकं जुळवली आणि वाकून बघत राहिली. बराच वेळ. मग तिनं वर पाहिलं ते आईकडे, आणि तिचा चेहरा मला ओळखू आला. वर्षापूर्वी मी तो पाहिला होता. काय चुकलंय ते तिला कळलं होतं आणि सांगायची तिची छाती नव्हती.

"वेळ होत आली," तपासणीसबाई म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता, पण पेन तक्त्यावर टेकलं होतं. "सांगता येत नसेल तर मला तसं लिहावं लागेल."

वहिनी पुढं झाली. "इकडे बघ. या जहाजावर कप्तान कोण?"

पोरीनं बोट आईकडे केलं.

"आणि तिसरा नियम कुणी लिहिला? सही माझी आहे त्यावर. चूक माझी असेल तर मोठ्यानं सांग. या बाईंना ऐकू गेलं पाहिजे."

दादाच्या हातातली तेलाची कुपी तशीच राहिली.

"आईची टेप ताणली गेलीय," मोठी म्हणाली. आवाज घोगरा आला. वापरात नव्हता ना बिचारा. "तिच्या दीडशेवर खरे एकशे त्रेपन्न आहेत. रोज ओढून ओढून झालं असेल. म्हणजे दीडशेला तीन जास्त. अठराशेला छत्तीस. सहाशेला बारा. डबा तेवढा पुढं आहे."

"मग आईचे कपडे लोकांना बसतात कसे?" बाईंनी लगेच विचारलं. परीक्षा विसरून विचारलं असं मला वाटलं.

पोरीनं दोन्ही टेपांकडे पाहिलं. "माप घेते ती याच टेपेनं आणि कापतेही याच टेपेनं. चूक दोन्हीकडे सारखी, म्हणून कपडा बरोबर." मग आईकडे वळून घाईनं म्हणाली, "तुझे कपडे चुकत नाहीत, आई."

छत्तीस पुढं, बारा आत. खुरपं तिसऱ्याच घावाला टण्णकन वाजलं. धाकट्यानं आरोळी ठोकली. तपासणीसबाईंनी तक्त्यात लिहिलं, मग जागा पुरेना म्हणून पान उलटून मागं लिहिलं. परवानगी पुढल्या वर्षासाठी मिळाली. वहिनी आत गेली आणि पाण्याच्या पिंपाशी उभी राहून मनसोक्त रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली ती एकदम गंभीर.

"वन्सं, घात झाला," ती म्हणाली. "तो कापडवाला."

मला हसू आवरेना. चार वर्षं ती त्या कापडवाल्याशी भांडत होती. दोन मीटर कापड घ्यायचं, घरी येऊन मोजायचं, चार सेंटिमीटर कमी भरलं की तसंच दुकानात परत. गिऱ्हाइकांसमोर त्याला लबाड म्हणायची. तो बापडा मूग गिळून वर चिंधीभर कापड जास्त कापून द्यायचा.

वहिनी तशीच निघाली. मोठीनं हात धरला म्हणून तिलाही घेतलं, आणि मी गेले तमाशा बघायला. दुकानाशी गेल्यावर मात्र वहिनी उंबऱ्यातच थबकली. गल्ल्यावरचा तो टक्कल पडलेला माणूस तिला बघूनच उठला आणि न सांगता पट्टी हातात घेतली.

बोलली ती मोठी. "काका, आमची टेप चुकीची होती. तुमचं माप बरोबर होतं."

माणूस खुर्चीत बसला. "चार वर्षं," तो म्हणाला, "रोज सकाळी दुकान उघडलं की मी ही पट्टी तपासतोय, पोरी. दोनदा नवी घेतली. बायकोला म्हणायचो, माझंच काहीतरी चुकत असणार. एवढी नेटकी बाई उगाच कशी बोलेल?" त्यानं चष्मा काढून पुसला. "बरं झालं सांगितलंस. फार बरं झालं."

परत येताना वहिनी पुढं चालत होती. मी मागं, मोठीचा हात धरून. आता सांगते मी त्या दिवशी का उठून गेले ते. शाळेत ते प्रकरण झालं तेव्हा दादा-वहिनी गावाला होते. दुसऱ्या दिवशी पोरीला ओढत शाळेत नेली ती मी. बाईंची माफी मागायला लावली ती मी. बाई म्हणतात म्हणजे बरोबरच असणार, असं बजावलं होतं. दिवसभर खिडकीत बसून आकडेमोड करणारी मी, पण ते गणित मी तेव्हा करूनही पाहिलं नव्हतं. आज त्या रस्त्यावर मी बोटांवर केलं. सतरा सक एकशे दोन.

मी थांबले. "ऐक," म्हटलं. "फळ्यावरचं चुकलं होतं. तू बरोबर होतीस. मी तुला उगाच माफी मागायला लावली."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नुसत्या कुतूहलानं.

"मला माहीत होतं, आत्या," ती म्हणाली. "तुला कधी कळलं?"