सहाव्या नंबरची घोडी

आमच्या घरात इंग्रजी आलं ते रेसच्या पुस्तकातून. दर शनिवारी संध्याकाळी बाबा वसई स्टेशनाबाहेरच्या स्टॉलवरून दुसऱ्या दिवशीच्या शर्यतींचं पातळ पुस्तक आणायचे आणि मी ते त्यांना वाचून दाखवायचे. मी सहावीत असताना हे सुरू झालं. त्याआधी गावातले एक गृहस्थ वाचून दाखवत, पण ते स्वतःच्या आवडीच्या घोड्यांबद्दल भरभरून वाचत आणि बाकीच्यांचं उरकून टाकत, अशी बाबांची तक्रार होती.

"आपलं मानूस वाचील तर सगळं वाचील," ते आईला म्हणाले होते.

बाबा चौथीपर्यंत शिकलेले. आकडे ओळखायचे, मराठी बोट ठेवून वाचायचे, इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. वसईत होळी म्हणतात त्या भागाच्या बाजूला आमची वाडी. वांगी, दुधी, बांधाने थोडी केळी, आणि विहिरीलगतच्या तुकड्यात लसूणघास. हे हिरवं गवत घोडे फार आवडीने खातात. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे गवताच्या पेंढ्या टेंपोत भरून बाबा मुंबईला रेसकोर्सच्या तबेल्यांवर पोचवायचे. टेंपो शेजारच्या आळीतल्या एका काकांचा. पेंढ्या उतरवता उतरवता बाबांच्या सईसांशी, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या माणसांशी, गप्पा व्हायच्या. त्यातूनच त्यांना हा नाद लागला. नाद म्हणजे तरी काय, रविवारी दोन छोटी तिकिटं. तिसरं कधी काढलं नाही.

शनिवारी ते ओट्यावर बसून पेंढ्या बांधायला केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या सालींच्या, पट्ट्या काढायचे आणि मी दिव्याखाली वाचायचे. घोड्याचा नंबर, नाव, बाप कोण, आई कोण, पाठीवर वजन किती, जॉकी कोण, मागच्या शर्यतींत कितवा आला. शेवटी जाणकाराने लिहिलेल्या दोन-तीन ओळी. मी आधी इंग्रजीत वाचायचे, मग मराठीत सांगायचे. शाळेत आमच्या बाई विचारायच्या, 'हा शब्द कुठे शिकलीस?' मी रेसच्या पुस्तकाचं नाव काढायचे नाही.

बाबांना सगळ्यात कमी भरवसा दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीचा. ही पोरं पहिल्यांदाच पळणारी. मागच्या शर्यतींचे रकाने कोरे. मग लिहिणारे आईबापांची खानदानं सांगत बसतात, कुठल्या परदेशी घोड्याचा नातू, कुठल्या जिंकलेल्या घोडीची मुलगी.

"आईबापावरून पोर ओळखायचं असंल तर तू कॉलेजात कशी ग?" बाबा विचारायचे. "बाप चौथी, आई तिसरी, आनि पोरगी बी.कॉम. लावील का तुझ्यावर कोनी पैसे?"

"तुम्ही लावलेत ना," आई आतून म्हणायची.

आणि ते हसायचे. खरंच त्यांनीच लावले होते. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. माझ्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी त्यांनी काय विकलं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. तबेल्यात सगळ्यांना ठाऊक होतं की गवतवाल्याची मुलगी इंग्रजी पुस्तक घडाघडा वाचते. हे मीही ऐकून होते आणि मला ते आवडायचं.

मी शेवटच्या वर्षाला होते त्या हिवाळ्यात बाबा एका घोडीबद्दल बोलायला लागले. लांब पायांची, तांबूस, कपाळावर पुसट पांढरा ठिपका. ती तबेल्यात नवी आली तेव्हा दाण्याला तोंड लावत नव्हती, बाबांच्या हातचं गवत तिने पहिल्यांदा खाल्लं. पण त्यांचं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीने. टेंपोचा भोंगा वाजला की बाकीची पोरं दचकून लाथा झाडायची. ही मान वर न करता खात राहायची.

"ही पोरं पळन्यात हरत नाहीत, बाय," ते मला म्हणाले. "गेटात हरतात. सगळ्यांना दाटीने उभं करतात, मग धाडकन दार उघडतं. निम्मी तर घाबरूनच मागे राहतात. हिला भोंगा वाजला तरी काय नाय. ही सुटनार आनि सरळ जानार."

पुस्तकं लिहिणाऱ्यांना हे कुठून माहीत असणार?

एका शुक्रवारी ते तबेल्यावरून परतले ते आनंदातच. घोडी रविवारी पळणार होती. जेवताना म्हणाले, "या वेळी दोन तिकिटं नाय. मोटरीचे लावनार."

विहिरीवरची मोटर जुनी झाली होती, दर आठ दिवसांनी बंद पडायची. नव्या मोटरीसाठी त्यांनी दोन वर्षं पैसे बाजूला काढले होते. आईचा हात पोळीवर तसाच थांबला. रात्री भांडी घासताना ती मला हळूच म्हणाली, "तूच कायतरी कर. माझं ऐकायचे नाहीत. तुझं ऐकतील."

मी शिकलेली होते. शक्यतेचं गणित आम्हाला त्याच वर्षी होतं. कोऱ्या रकान्यांच्या घोडीवर, टेंपोच्या भोंग्याच्या आधाराने, मोटरीचे पैसे लावणं म्हणजे काय हे मला कळत होतं, किंवा कळतंय असं वाटत होतं. त्यांना समजावून सांगायला हवं होतं. निदान भांडायला तरी हवं होतं. ते मी केलं नाही.

शनिवारी त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि सोपटं घेऊन बसले. "चौथी शर्यत काढ. बाकीचं मागून."

मी काढली. जाणकाराने सगळा भर एका मोठ्या मालकाच्या घोड्यावर दिला होता. मी एक ते पाच नंबर नीट वाचले. सहाव्यावर तिचं नाव होतं. बाप, आई, वजन, जॉकी, सगळं छापलेलं. खाली एक ओळ होती, सकाळच्या सरावात बरी दिसली, लक्ष ठेवावं. मी सातवा नंबर वाचायला लागले.

"सहा?" बाबांनी विचारलं.

"सहावं नाव काढून घेतलंय, बाबा. ती पळणार नाही."

त्यांनी हात पुसून पुस्तक मागितलं. सहाचा आकडा त्यांनी शोधला आणि त्या ओळीवरून अंगठा फिरवला, नावापासून पार शेवटच्या शब्दापर्यंत. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. मग त्यांनी पुस्तक परत दिलं.

"पाय धरला असंल," ते म्हणाले. "काल तर बरी होती."

रविवारी ते रेसकोर्सवर गेलेच नाहीत. दिवसभर वाडीत होते. दुपारी जेवताना आईला म्हणाले, "लहान वयात पाय धरला की घोड्याचं कठीन असतं." संध्याकाळी पुन्हा तेच. हुकलेल्या तिकिटाबद्दल एक शब्द नाही, त्यांना काळजी फक्त घोडीच्या पायाची.  आई माझ्याकडे बघून किंचित हसली, आणि मी स्वतःला सांगितलं की चांगलंच झालं.

सोमवारी ते रोजच्यापेक्षा उशिरा आले. मी कॉलेजला निघाले होते. त्यांनी खिशातून कागदात बांधलेला एक पेढा काढून माझ्या हातावर ठेवला.

"घोडी पळाली, बाय," ते म्हणाले. "पळाली आनि जिंकली. गेटातून सुटली ती कोनाला जवळ येऊ दिलं नाय म्हनतात. सईसाने पेढे वाटले."

मी पेढ्याचा कागद सोडवायला लागले.

"तुझं वाचन्यात चुकलं वाटतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट मीच घाबरेन अशी त्यांना भीती असावी, कारण लगेच म्हणाले, "असू दे. आपली मराठी शाळा. बारीक अक्षरं, त्यात इंग्रजी. होतं असं."

त्या घटकेला मी खरं बोलू शकले असते. पहिल्या खोटेपणाला निदान मोटरीचं निमित्त होतं. या दुसऱ्याला काहीच नव्हतं. त्यांनी मला एक सोपी वाट काढून दिली आणि मी त्या वाटेने गेले.

"हो बाबा," मी म्हणाले. "चुकलंच माझं."

आठवडाभराने त्यांनी वसई स्टेशनजवळच्या एका इंग्रजीच्या क्लासची पावती माझ्यापुढे ठेवली. तीन महिन्यांची फी, एकदम भरलेली. पैसे कुठले ते विचारायची गरज नव्हती.

"मोटर?" आईने विचारलं.

"मोटर काय, आज ना उद्या घेऊ. पोरीचं इंग्रजी कच्चं राहिलं तर पुढं कोन विचारील तिला?"

आईने मान खाली घातली. आम्ही दोघी त्याविषयी पुढे कधीच बोललो नाही.

मी तीन महिने त्या क्लासला गेले. पहिल्याच दिवशी सरांनी एक उतारा वाचायला दिला. मी वाचला. ते म्हणाले, "तुझं वाचन उत्तम आहे. इथे कशाला आलीस?" मी म्हणाले, "बाबांनी पाठवलं." वर्ग हसला. खरं तर बोलण्याचा सराव मला तिथे झाला, हे नाकारता येणार नाही. मुलाखतीत न अडखळता बोलले म्हणून वालीवच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी मिळाली आणि अजून मी तिथेच आहे. पण हे आठवलं की बरं वाटायच्या ऐवजी उलटंच होतं.

मोटर उन्हाळ्यात बंद पडली ती कायमची. बाबांनी खूप खटपट केली, शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाइप टाकून पाणी आणलं. भाजी कशीबशी जगली. लसूणघासाला पाणी फार लागतं, तो तुकडा वाळला. पावसाळ्यानंतर त्यांनी तिथे पुन्हा गवत लावलं नाही. गवत नाही म्हटल्यावर टेंपो नाही, आणि तबेलाही नाही. ती घोडी त्यानंतर आणखी जिंकली, पण बाबांनी तिला पुन्हा पाहिलं नाही.

नोकरी लागली तेव्हा मी टेंपोवाल्या काकांकडे पेढे घेऊन गेले. ते खूश झाले. म्हणाले, "आता जाऊन सांगायला पायजे त्या सईस लोकांना!"

"काय?"

"तुला ठाऊक नाय? घोडी जिंकली ना, त्या सोमवारी तुझा बाप त्यांना सांगत होता, 'नाव काढलं होतं, पुस्तकात लिवलंय, पोरीने वाचलं.' मग काय, सगळा तबेला हसायला लागला. एक जण म्हनतो, 'वा रे तुझी बी.कॉम.! उद्या घोड्याला गाढव वाचील.' तुझा बाप काय कोनाचं ऐकून घेतो? पन त्या दिवशी गप. नुसत्या पेंढ्या उतरवत होता. गाडीत बसल्यावर मला म्हनाला, 'घरी काय बोलू नको. पोरीला वाईट वाटंल.'"

काकांनी पेढा तोंडात टाकला. "बोललो नाय हां मी इतके दिवस," ते म्हणाले.

परतताना मी वाडीच्या बांधाने आले. बाबा वांग्यांना पाणी सोडत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. "काय ग?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "काही नाही, काकांना पेढे देऊन आले."

याला आता दहा-बारा वर्षं झाली. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे, लग्नानंतर मी राहते तिथे बोळिंजला, राहायला आले. तिकीट काढणं त्यांनी कधीच सोडलंय, पण शनिवारी शर्यती ऐकायला त्यांना अजून आवडतात. पुस्तकाऐवजी मी आता मोबाइलवरून वाचते. इमारतीतल्या म्हाताऱ्या मंडळींना ते एक गोष्ट नेहमी सांगतात. 'पोरीचं इंग्रजी आधी कच्चं होतं, एका घोडीचं नाव तिने गाळलं, मग मी क्लास लावला, मोटरीचे पैसे घातले, आणि आज बघा.' ही गोष्ट सांगताना ते ताठ बसतात. आयुष्यात आपण एक हिशेबाचं काम वेळेवर केलं, असं त्यांना त्या गोष्टीमुळे वाटतं. मी खरं सांगितलं तर माझ्या मनावरचं ओझं उतरेल, आणि त्यांच्याकडे उरेल ती एक वाळलेली वाडी आणि खोटं बोलणारी मुलगी. इतकी वर्षं मी न सांगण्याचं हेच कारण देत आले आहे. ते खरं आहे की माझ्या सोयीचं, हे मलाही नीट सांगता येत नाही.

या हिवाळ्यात एका शनिवारी दोन वर्षांच्या घोड्यांची शर्यत होती. मी वाचत गेले. तिसऱ्या नंबरला एक घोडी होती. तिच्या आईचं नाव मी दोनदा वाचलं.

"तीच का?" बाबांनी विचारलं.

"तीच."

"कोण?" माझ्या मुलाने गृहपाठातून मान वर केली. मग बाबांनी त्यालाही ती गोष्ट सांगितली. तो हसत सुटला. "आई, तुला साधं वाचता येत नव्हतं?"

"हसू नको," बाबा त्याला म्हणाले. "तेव्हा नव्हतं येत. आता बघ कशी वाचते." आणि माझ्याकडे वळून, "हां, पुढे. वजन? जॉकी? खाली काय लिवलंय?"

मी सगळं वाचलं. खालची ओळसुद्धा. पहिल्यांदाच पळत आहे, गेटात कशी वागते ते पाहावं लागेल.

"पाहायला पायजे कोनीतरी," बाबा म्हणाले.  मी वाट पाहत होते, कशाची ते ठाऊक नाही.

"चल, चौथा नंबर," ते म्हणाले. "एकबी सोडू नको."